अर्धा सूर खाली

उदयनने केसमधून गिटार काढली, तेव्हा त्याचा जुना गायक डॅरिल समोर अवघडून बसला होता. सव्वीस वर्षांपूर्वी याच गॅरेजमध्ये दोघांनी पहिला बँड काढला होता आणि इथेच भांडून मोडलाही होता.

मग उदयन हार्ड रॉकच्या चार बँडमध्ये वाजवत फिरला. प्रत्येक ठिकाणी पहिल्याच तालमीला कुरबुर व्हायची, कारण त्याच्या तारा अर्धा सूर खाली लावलेल्या असायच्या. "माझी गिटार अशीच वाजते," एवढंच तो म्हणायचा. शेवटी बाकीचेच आपापल्या वाद्यांचे सूर उतरवून घ्यायचे.

"माझा आवाज अजूनही वर पोचत नाही रे," डॅरिल ओशाळून म्हणाला. "तारा थोड्या उतरवशील? पूर्वी माझ्यासाठी उतरवायचास तशा?"

उदयनने गिटारचा पट्टा खांद्यावर घेतला. "गा तू. त्या मी परत कधी चढवल्याच नाहीत."