तित्तराची साद

साहेब, तुमच्या शिकारीपायी जमीलला पैनगंगेच्या बेटावर तुम्ही अडकवलंत.

तित्तराची हुबेहूब साद घालून पाखरं हुडकणं हा त्याचा धंदा. दुपारभर साद घालूनही एक पाखरू बोललं नाही.

पाणी चढू लागलं, तसा अलीकडच्या काठावरचा नावाडी जमीलला आणायला नाव सोडू लागला. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आवाज आला, "दगडोबा, नाव बांधून टाक. मी इकडंच हाय."

आवाज जमीलचाच होता.

नावाडी दगडोबा हसला. "काहून रे मिया, उडून आलास का?" त्यानं नाव झाडाला बांधली.

"मी इथं हाय!" जमील जिवाच्या आकांतानं ओरडला. पण तोंडातून तित्तराची साद निघाली.

साहेब, "बेटावर एकच तित्तर हाय, पण मोठं हाय," हे सांजच्याला तुमच्या ओसरीवर येऊन जमीलच्या आवाजात कोण सांगून गेलं? बंदूक घेऊन नावेत पाय टाकण्याआधी जबाब द्या.