दोन भावांचं विकी

विकीसाठी आणलेलं तिसरं सॉफ्टवेअर मात्र काकांच्या दुकानात चटकन उघडलं आणि पुतणीच्या जिवात जीव आला.

पहिल्याला भलामोठा डेटाबेस हवा होता. काउंटरखालचा जुना कॉम्प्युटर तेवढ्यानेच धापा टाकायला लागला. दुसरं दिसायला देखणं, पण एक पान उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. हे तिसरं साध्या मजकुराच्या फाइलींवर चालायचं. ना डेटाबेस, ना बडेजाव.

"यात चर्चेला वेगळी जागा नाही हं काका," ती म्हणाली. "कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं, सगळं एकाच पानावर."

"चर्चा करायचीय कोणाला!" काका फणकारले.

काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचे बाबाही तेच करायचे. पाटीवर आधी नाव कोणाचं, यावरून दोघा भावांचं बिनसलं. दुकानं वेगळी झाली, बोलणं बंद पडलं. दोघांच्या डोक्यातलं एका ठिकाणी उतरावं म्हणून पुतणीने या विकीचा, म्हणजे दोघांनी मिळून लिहायच्या पानांचा, घाट घातला होता. ते चालणार होतं काकांच्या कॉम्प्युटरवरून, बाबा आपल्या दुकानातून उघडणार होते. दोघांनी होकार दिला, पण एकाच अटीवर: त्याचं लिहिलेलं मी वाचणार नाही.

काकांनी पहिलं पान लिहिलं. 'टाका सुटत असेल तर आधी सुई बदला.'

दुसऱ्या दिवशी खाली ओळ आली. 'आधी बॉबिनचा ताण बघा. सुई काय, कोणीही बदलतं.'

काका लालबुंद झाले. "याला हे शिकवलं कोणी?"

"तुम्हीच ना?"

काकांनी चष्मा चढवला आणि एका बोटाने उत्तर बडवलं. मग काय, पानं फुगत गेली. तेल कुठलं घालावं यावरून सुरू झालेला वाद, लहानपणी आईच्या मशीनवर तेल सांडलं कोणी, इथवर गेला. काका दुकान उघडल्या उघडल्या आधी विकी बघायचे आणि एकटेच खुदुखुदु हसायचे.

एका सकाळी पान उघडेना.

"अगं, लवकर ये! बंद पडलंय!" काकांचा फोन आला. ती निघाली तर बाबा दारातच उभे. "काय करून ठेवलंस त्याचं? मी अर्धं वाक्य लिहून ठेवलं होतं."

दुकानात येऊन ती काउंटरखाली शिरली. इंटरनेटची वायर सैल झाली होती, एवढंच. तिने ती घट्ट बसवली आणि तिच्या मोबाइलवर पान झळकलं. तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. काकांनी भावाचं नाव पाहिलं. बराच वेळ वाजू दिला. मग उचलला.

"हं... तुझ्याकडेही उघडत नाहीये? ...अरे गाढवा, सुईच आधी! ...बरं, तुझं ते अर्धं वाक्य काय होतं, सांग तरी."

ते स्टुलावर बसले. ऐकता ऐकता मोबाइलवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "किती वेळ लागेल गं?"

पुतणीने काउंटरखाली हात घातला आणि वायर पुन्हा काढली.

"काही खरं नाही काका. तोवर फोनवरच भागवा."