टोचलं कुणाला?

काज करताना मास्तरांच्या बोटात सुई खचकन घुसली. दुखलं काहीच नाही, पण ट्रायल रूममध्ये कुणीतरी कळवळलं.

"आत कोण आहे हो?" बटणं लावता लावता बायकोने विचारलं. "सकाळपासून गिऱ्हाईक तर फिरकलं नाही."

मास्तरांनी पडदा सारला. आत नुसता आरसा.

चाळीस वर्षं ते फुशारकी मारत आले होते, सुई टोचली तर आपण हूं की चूं करत नाही. आज मात्र त्यांना चैन पडेना. त्यांनी मुद्दामच बोटाला सुई टोचली.

"आई गं! पुरे की आता!" पडद्यामागून रडवेला आवाज आला.

मास्तरांनी घाईघाईने सुई डबीत टाकून झाकण दाबलं.

पडद्यामागे कुणीतरी दाताने दोरा तोडला, स्वतःच्या बोटात खचकन सुई टोचून घेतली, आणि मास्तरांच्या बोटात कळ उठली.