पोटभर जेवल्याचा दाखला

रामवाडीच्या नाक्यावरचा, पुतणीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स दत्तात्रेयने शिडी लावून स्वतः उतरवला. आदल्या दिवशी लावलाही त्यानेच होता, पण त्यावरचा तिच्या बक्षिसाचा फोटो नीट न बघता.

पुतणी भाविका रोह्याला फोटो-पत्रकारिता शिकते. दिल्लीच्या अखिल भारतीय स्पर्धेत विद्यार्थ्यांमधलं पहिलं बक्षीस तिला मिळालं. तिच्याच वर्गातल्या निकेशला तिसरं मिळालं, निडी स्टेशनच्या बाकावर झोपलेल्या शेळीच्या फोटोला. शेळीच्या घरून काही तक्रार आली नाही. भाविकाच्या फोटोत मात्र माणसं होती. रिकामी ताटं घेऊन रांगेत उभी अकरा माणसं, सगळ्यांत पुढे हौसाआजी, आणि सगळ्यांची नजर समोर कुठेतरी लागलेली. भाविकाने नाव दिलं होतं 'बुफे'. दिल्लीकरांनी फोटो उचलून 'भूक' या विभागात टाकला आणि खाली लिहिलं, 'उपाशी गाव'.

आता हे गाव म्हणजे पेणच्या खाडीकडचं, आणि फोटो मे महिन्यातला, दत्तात्रेयच्या मुलाच्या, आदेशच्या हळदीतला. बारा बकरे पडले होते. अख्ख्या तालुक्यात अशी हळद झाली नाही, असं दत्तात्रेय अजून सांगतो, आणि कोणी न विचारता सांगतो. भाविका फोटो काढून लगेच नाचायला पळाली होती. ती आधीच जेवून मोकळी झालेली.

बातमी छापून आली आणि मुंबईच्या एका संस्थेचा फोन आला. रविवारी आम्ही तुमच्या गावाला तांदूळ घेऊन येतो, म्हणाले. गावात नुकतीच झोडणी उरकली होती, भात ठेवायला घरात जागा नव्हती, लोक पोती अंथरुणाच्या कडेला लावून झोपत होते. संस्थेची विनंती एवढीच, की तांदूळ घेताना सगळ्यांनी फोटोतल्यासारखंच रांगेत उभं राहावं आणि शक्यतो हसू नये.

"माझ्या दारात माणसं उपाशी?" दत्तात्रेय भाविकाला म्हणाला. "बाप गेला तेव्हा रडलो नाय गो मी. आज तू रडवलंस."

भाविकाला खरंच लाज वाटली. बक्षिसाबरोबर दिल्लीच्या एका वर्तमानपत्रात सहा महिने काम मिळणार होतं, म्हणून 'भूक' वाचूनही ती गप्प बसली होती. भरल्या पोटाची माणसं उपाशी म्हणून खपवली, हे तिला जेवतानाही टोचायचं.

"काका, मी बक्षीस परत करते," ती म्हणाली.

पण दत्तात्रेयला नुसतं परत करून चालणार नव्हतं. त्याला लेखी पाहिजे होतं. त्याने पेणला जाऊन कागद टाइप करून आणला: 'आम्ही खाली सह्या करणार, ईश्वराला स्मरून लिहून देतो, की सदर फोटोत आम्ही रांगेत उभे दिसत असलो तरी त्यानंतर लगेच पोटभर जेवलो.' मग कागद, शाईचं पॅड आणि पुतणी घेऊन तो घरोघर निघाला.

प्रविणने कागद न वाचताच सही ठोकली. "नळ्या तर काय सांगू, दत्तूदादा. दुसऱ्या दिवशीपण हाताला वास होता." मिठागरावरचा जनू म्हणाला, मी दोनदा वाढून घेतलं. अनिताने तर तीन वाट्या रस्सा सांगितला आणि वर पोटावरून हात फिरवून दाखवला. दत्तात्रेयची मान प्रत्येक घरी इंचभर वर चढत गेली. भाविका मागून चालत होती. प्रत्येक सहीला तिची दिल्ली तेवढीच लांब सरकत होती, आणि आपण याच लायकीचे, असं तिला वाटत होतं. दुपारपर्यंत दहा सह्या झाल्या.

अकरावी हौसाआजी. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने भाविकाकडून कागद दोनदा वाचून घेतला. अंगठा पदराला पुसला, पॅडवर टेकवला आणि तसाच धरून विचारलं, "ह्यो कागद जाणार कुठं?"

"दिल्लीला," भाविका म्हणाली.

"मंग तुझं बक्षीस?"

"जाईल, आजी."

हौसाआजीने शाईचा अंगठा परत पदराला पुसला.

"मंग मी नाय देत."

दत्तात्रेयला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी आलं असेल. तो खाली वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "काकी, कागदावर एवढंच हाय, की तू माझ्याकडं पोटभर जेवलीस."

"ते ईश्वराला स्मरून लिवलंय ना. तेव्हा नाय बोलले, आजपण नसते बोलले. तू डीजेपुढं नाचत होतास, पिवळाजर्द झाला होतास. तुझं तोंड कशाला कडू करायचं? पण आता पोरीचं जाणार असंल तर नाय गप बसायची मी."

दत्तात्रेय ओट्यावर बसला. त्याने कागद पुढे केला आणि दहा सह्यांवरून बोट फिरवलं.

"तू एकटी राहिलीस का गो काकी? चुकलं माझं. पण हे बाकीचे तर जेवले. दोनदा घेतलं म्हणतात."

हौसाआजीने शेंगांची टोपली बाजूला सारली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रांगेत पहिली मी होते, दत्तू. पातेलं माझ्याच ताटापुढं संपलं. माझ्या मागच्यांना दोनदा कुठनं वाढलं असंल?"