क्रमांक एकवीस

माफीपत्र टाइप करूनच आणलं होतं. सहीच्या जागी शिक्का तेवढा मारायचा होता, माकिनोबाईंचा.

"धोक्याचा निरोप पडद्यावर आला, माझं लक्ष नव्हतं. एवढंच लिहिलंय," तोगाशीसाहेब म्हणाले. "शीतगृहातली बारा टन ट्यूना मासळी सडली, बाई. कुणीतरी मान खाली घालायलाच हवी."

कुणीतरी म्हणजे बाईंसारखं कंत्राटी माणूस. जपानच्या या याइझू बंदरात हे शेंबड्या पोरालाही कळतं. कागदावर शिक्का उठला की संध्याकाळी ओळखपत्र जमा, आणि उद्यापासून बंदरावरची एकही कंपनी बाईंना दारात उभं करणार नाही.

बाईंनी कागद बाजूला सारला. "निरोप आलाच नाही. आधी यादी काढू."

"कसली यादी?"

"शीतगृहाचं यंत्र बिघाड झाला की कुठल्या सर्व्हरला कळवतं, त्याची. या, शेजारी उभे राहा. एकानं बोट रोखून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं 'बरोबर' म्हणायचं. भिंतीवर नियम तुम्हीच लावलाय."

साहेबांना उभं राहावं लागलं. पलीकडे सहा जण काम करत बसले होते.

बाईंनी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. उत्तरात दोन ओळी आल्या. त्यांनी हात खांद्यापासून ताठ केला.

"देखरेख सर्व्हर, क्रमांक अकरा. मार्चमध्ये भंगारात गेला."

"बरोबर," साहेब सवयीनं म्हणून गेले.

"देखरेख सर्व्हर, क्रमांक बारा. मार्चमध्ये भंगारात गेला."

"बरोबर."

"यादी संपली. मी ज्याच्या पडद्यासमोर बसते तो नवा सर्व्हर, क्रमांक एकवीस, यादीत नाही."

साहेब वाकून पडदा पुन्हा वाचू लागले.

बाईंनी डाव्या हातानं फाइल उघडली. मार्चचा कागद. 'एकवीस जोडला, यादी तपासली.' खाली तपासणाऱ्याचा लाल शिक्का: तोगाशी.

"सात महिने ते बिचारं यंत्र भंगारात गेलेल्या डब्यांना हाका मारतंय," बाई म्हणाल्या. "आणि लक्ष माझं नव्हतं."

"आवाज जरा खाली, बाई. आत बसून बोलू. माणसाच्या हातून चुका होतात."

"होतात. मग शिक्का माझा कशाला?" उजवं बोट पडद्यावरून हललं नाही. "क्रमांक एकवीस यादीत नाही."

पलीकडचे सहाही कीबोर्ड थांबले होते.

"बरोबर," साहेब ओठातल्या ओठात पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," माकिनोबाई म्हणाल्या.