कपाटातला स्टार्टर

डॉक्टरीणबाईंनी गाडीची चावी टेबलावर ठेवली आणि पानाकाकांकडे सरकवली.

“गिऱ्हाईक बघा. आपल्या मंडळातलंच कुणीतरी, नीट सांभाळील असं.”

पानाकाका म्हणजे जुन्या मोटारींच्या हौशी मंडळातले सर्वांत म्हातारे सभासद. जन्म घड्याळदुरुस्तीत गेला, जीव मात्र गाड्यांत. त्यांनी चावीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आधी गाडी तर बघा,” म्हणत त्यांनी गॅरेजचं शटर वर ढकललं.

डॉक्टरीणबाईंच्या अपघातात चालकाच्या बाजूचं दार कागदासारखं चुरगळलं होतं. आता पांढऱ्या गाडीला तिथे हिरवं दार होतं. कोपऱ्यात काकांची तशीच, पण हिरवी गाडी उभी होती. तिच्या दाराच्या जागी ताडपत्री बांधलेली. डॉक्टरीणबाई त्या ताडपत्रीकडे बघत राहिल्या.

“रंगाचं सोडा. लागतं व्यवस्थित,” काका म्हणाले.

आता सांगणं भागच होतं. “काका, पाय बरा आहे. रस्त्याचीही भीती नाही. पण त्या दिवशी आत अडकले होते ना, तेव्हा वेड्यासारखी चावीच फिरवत राहिले. स्टार्टर नुसता घरघरत होता. तो आवाज आता शेजाऱ्याच्या गाडीचा आला तरी कापरं भरतं.”

“ठाऊक आहे. दवाखान्यात झोपेत बडबडायचात, आपल्या मंडळातली बेकरीवाली उशाशी बसून ऐकायची. म्हणून स्टार्टर काढून कपाटात ठेवलाय.”

“मग गाडी सुरू कशी होणार?”

काकांनी मागे पाहिलं. बेकरीवाली हातांवरचं पीठ झटकत होती. तिच्यामागे मंडळातले आणखी चौघे बाह्या सरसावून उभे होते.

“ढकलून. जन्मभर दुसरं केलंय काय आपण?”

“आणि रोज?”

“रोज ढकलू,” बेकरीवाली म्हणाली. “माझं वजन तरी उतरेल!”

काकांनी टेबलावरची चावी आणून डॉक्टरीणबाईंच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी काठी मागच्या सीटवर टाकली. हिरवं दार खरंच नीट लागलं. सळई घातलेल्या पायानं त्यांनी क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. चावी अर्धीच फिरवली. एक तांबडा दिवा लागला. आवाज काही नाही.

गाडी हलली. मागून धापा ऐकू येत होत्या, आणि बेकरीवाली कुणालातरी झापत होती, “अहो, ढकलताय की नुसते टेकलाय?”

“सोडा!” काका ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी क्लच सोडला. एक गचका, दुसरा गचका, आणि इंजिन सुरू झालं.

आवाराला एक फेरी घालून त्या परत आल्या. सगळे गुडघ्यांवर हात टेकून ओणवे झाले होते. त्यांनी वेग कमी केला.

“बंद नका करू हं!” बेकरीवाली कशीबशी ओरडली. “जरा दम तरी खाऊ द्या!”

त्यांनी बंद केली नाही. आवाराचं फाटक उघडंच होतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी उजवा इंडिकेटर दिला.