चार टक्के

"चार्जिंग नको," सुजलेला गाल केसांआड लपवत तिने गाडीची किल्ली हॉटेलच्या पार्किंगवाल्या काकांच्या हातात दिली आणि झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन खोलीत गेली.

गाडी लावताना काकांनी पाहिलं, बॅटरी जेमतेम चार टक्के. खर्चाला भ्यायली असेल बिचारी. पाहुण्यांना इथे चार्जिंग फुकट असतं, हे सांगायचंच राहून गेलं. त्यांनी स्वतःच वायर जोडली.

थोड्या वेळाने रिसेप्शनचा फोन वाजला. तिथे कोणी नव्हतं म्हणून काकांनीच उचलला.

"माझी गाडी तुमच्या हॉटेलात चार्जिंगला लागल्याचा मेसेज आला मोबाइलवर." पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. "फार उपकार झाले बघा. फुल होऊ द्या. दोघींना घरी न्यायचंय."